पाणीपुरवठ्याचे दूरमापन व नियंत्रण

पाणीपुरवठा योजनेतील जलाशय, शुद्धीकरण केंद्र, पंप, साठवण टाक्या, जलवाहिन्या व ग्राहकांच्या नळजोडण्या अशा ठिकाणी मापन साधने बसवून त्यांच्याकडून पाण्याचा प्रवाह, दाब, पातळी व गुणवत्ता यांविषयीची माहिती सतत किंवा ठराविक कालांतराने मध्यवर्ती ठिकाणी आणणे आणि तिच्या आधारे पुरवठ्याचे नियमन करणे, या पद्धतीला पाणीपुरवठ्याचे दूरमापन व नियंत्रण असे म्हणतात. या व्यवस्थेची प्रमुख अंगे चार आहेत : (१) संवेदक, म्हणजे भौतिक वा रासायनिक राशीतील बदल ओळखून त्याचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारे साधन, (२) हा संकेत तारेने किंवा रेडिओ तरंगांद्वारे दूर पाठविणारी संदेशवहन यंत्रणा, (३) आलेल्या माहितीची नोंद, तुलना व छाननी करणारा संगणक, आणि (४) झडप उघडणारे वा मिटणारे, पंप सुरू वा बंद करणारे कार्यवाहक साधन. जेथे चौथे अंग स्वयंचलित नसते तेथे ते काम कर्मचाऱ्याच्या हाती असते.

ही साधने अलीकडची असली, तरी ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडून अपेक्षिली जातात ते प्रश्न फार जुने आहेत : उगमापाशी किती पाणी घेतले, त्यातील किती लोकांपर्यंत पोहोचले, उरलेले कोठे गेले आणि पोहोचलेले पाणी पिण्यास योग्य आहे काय? या प्रश्नांच्या इतिहासात मापनाच्या साधनांत जशी सुधारणा होत गेलेली दिसते, तशीच मापन व त्यावरील कृती यांमधील अंतरामुळे ओढवलेल्या आपत्तीही दिसतात.

रोममधील पूर्वपीठिका : इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हा याने सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टायनस (सु. ४०–१०३) याची रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधीक्षक म्हणून नेमणूक केली. त्या वेळी नऊ जलसेतूंद्वारे शहरात पाणी आणले जाई. फ्रॉन्टायनसने प्रथम दप्तरातील नोंदी तपासल्या. सर्व जलसेतूंतून येणारे पाणी एकूण १२,७५५ क्विनारिया असल्याचे त्यांत नमूद होते. वाटप मात्र १४,०१८ क्विनारियांचे झाल्याची नोंद होती. म्हणजे आलेल्या पाण्यापेक्षा वाटलेले पाणी १,२६३ क्विनारियांनी अधिक होते. या विसंगतीमुळे त्याने उगमाजवळ जाऊन प्रत्यक्ष मापन केले, तेव्हा तेथील पाणी दप्तरातील आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भरले. मधल्या मार्गात पाणीवाल्या नोकरांनी रस्त्यांखालून चोरनळ टाकून पाणी विकल्याचे त्यास आढळून आले. हे नळ उपटून काढल्यावर शिशाचा मोठा साठा हाती लागला, असे त्याने नोंदविले आहे.

प्रत्येक ग्राहकाच्या जोडणीस ठराविक व्यासाचे व अधिकृत शिक्का असलेले काशाचे तोंड बसविण्याची पद्धत रोममध्ये होती. काशासारखा कठीण धातू सहजासहजी वाकवून रुंद करता येत नसल्याने तो निवडलेला होता. क्विनारिया हे माप सव्वा अंगुळ (सु. २·३ सेंमी.) व्यासाच्या नळाचे होते. तथापि ते केवळ छेदाच्या क्षेत्रफळाचे माप होते. पाण्याच्या वेगाने प्रवाहात फरक पडतो याची फ्रॉन्टायनसला कल्पना असली, तरी वेग मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. त्यामुळे चोरीचा त्याचा निष्कर्ष खरा ठरला, तरी तिचे परिमाण त्यास बिनचूक सांगता आले नाही. आवक व वाटप यांचा ताळेबंद मांडून तफावतीवरून दोष शोधण्याची त्याची रीत मात्र आजच्या व्यवस्थेतही मूलभूत मानली जाते.

प्रवाहमापनाचा विकास : वाहिनीच्या छेदाचे क्षेत्रफळ व वेग यांच्या गुणाकाराने प्रवाह मिळतो, हे तत्त्व इटालियन गणितज्ञ बेनेदेत्तो कास्तेल्ली (१५७८–१६४३) यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. फ्रेंच अभियंते आंरी पीतो (१६९५–१७७१) यांनी १७३२ मध्ये काटकोनात वाकविलेल्या काचेच्या नळीच्या साहाय्याने सेन नदीतील पाण्याचा वेग मोजला. इटालियन भौतिकीविज्ञ जोव्हान्नी बात्तीस्ता व्हेंतूरी (१७४६–१८२२) यांनी वाहिनी अरुंद केल्यास त्या जागी वेग वाढून दाब कमी होतो, याविषयीचे प्रयोग १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. या तत्त्वाचा मोठ्या जलवाहिन्यांतील प्रवाह मोजण्यासाठी उपयोग करण्याचे श्रेय अमेरिकन अभियंते क्लेमेन्स हर्शेल (१८४२–१९३०) यांच्याकडे जाते. मॅसॅचूसेट्समधील होल्योक येथे जलशक्ती वापरणाऱ्या गिरण्यांना पाण्याच्या प्रमाणात आकार लावण्यासाठी विश्वसनीय मापकाची गरज होती. त्यासाठी १८८७ मध्ये त्यांनी घेतलेल्या चाचण्यांतून ‘व्हेंतूरी मापक’ सिद्ध झाला. पाण्याच्या मार्गात कोणताही हलता भाग न ठेवता फक्त दोन ठिकाणच्या दाबांतील फरकावरून प्रवाह सांगणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढे नेवार्क शहराला होणारा पुरवठा मोजण्यासाठी हे मापक वापरण्यात आले. याच हर्शेल यांनी फ्रॉन्टायनसच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करून ते १८९९ मध्ये प्रसिद्ध केले.

वाहत्या पाण्यात चुंबकीय क्षेत्रामुळे उत्पन्न होणाऱ्या विद्युत् दाबावरून वेग मोजण्याची कल्पना मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीत धातूचे पत्रे सोडून आजमाविली होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असल्याने व तत्कालीन उपकरणांच्या मर्यादेमुळे तीत यश आले नाही. सव्वाशे वर्षांनी, १९५० नंतरच्या दशकात, याच तत्त्वावरील विद्युत् चुंबकीय प्रवाहमापक उद्योगांत वापरात आले. प्रवाहाच्या दिशेने व विरुद्ध दिशेने पाठविलेल्या श्राव्यातीत ध्वनितरंगांना लागणाऱ्या वेळांतील फरकावर आधारलेले मापक त्यानंतर प्रचारात आले. या दोन्ही प्रकारांत मापनाचे फल मुळातच विद्युत् संकेताच्या स्वरूपात मिळत असल्याने ते दूर पाठविणे सोपे झाले.

लिव्हरपूलचा प्रयोग : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश शहरांत दिवसातून काही तासच पाणी सोडण्याची पद्धत सर्वसामान्य होती. टॉमस हॉक्स्ली (१८०७–९३) यांनी १८३० नंतर नॉटिंगहॅम येथे अखंड व दाबयुक्त पुरवठा व्यवहार्य असल्याचे दाखविले. परंतु अखंड पुरवठ्यात घरातील व रस्त्याखालील गळतीही अखंड चालू राहते. लिव्हरपूल शहराला याच कारणाने अखंड पुरवठा सोडून पुन्हा तासांचा पुरवठा स्वीकारावा लागला होता. तेथील अभियंते जॉर्ज फ्रेडरिक डीकन (१८४३–१९०९) यांनी यावर १८७३ मध्ये ‘अपव्ययमापक’ तयार केला.

या मापकात शंकूच्या आकाराच्या नळीत समतोल वजनाने टांगलेली एक चकती असे. प्रवाह वाढला की चकती खाली ढकलली जाई व तिला जोडलेली पेन्सिल घड्याळाने फिरणाऱ्या दंडगोलावरील कागदावर रेघ काढी. एका भागास पाणी पुरविणाऱ्या वाहिनीवर हा मापक बसविल्यावर दिवसा रेघ वरखाली होई. मध्यरात्रीनंतर लोक झोपलेले असताना मात्र ती जवळजवळ सरळ राही. त्या वेळचा प्रवाह हा बव्हंशी गळतीचा असे. मग निरीक्षक रात्री रस्त्यावरील एकेका जोडणीची झडप मिटत जात. झडपेच्या दांड्याला कान लावून ते आवाज घेत व वेळ टिपून ठेवीत. सकाळी कागदावर ज्या वेळी रेघ एकदम खाली आलेली दिसे, त्या वेळी मिटलेल्या झडपेपलीकडे गळती आहे, हे निश्चित होई. अशा रीतीने गळत्या शोधून दुरुस्त केल्यावर लिव्हरपूलला अखंड पुरवठा पुन्हा सुरू करता आला. स्वयंलेखी साधन, मर्यादित विभाग आणि रात्रीच्या किमान प्रवाहावरून निदान ही डीकन यांच्या पद्धतीची तीन सूत्रे आजही कायम आहेत. फरक एवढाच की, निरीक्षकाच्या कानाची जागा संवेदकाने व दंडगोलावरील कागदाची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली आहे.

दाबलहरींचा अभ्यास : वाहिनीतील झडप एकाएकी मिटली असता पाण्याचा जो आघात होतो, त्यामुळे मोठ्या वाहिन्या फुटत असत. रशियन शास्त्रज्ञ न्यिकलाय झुकॉव्हस्की (१८४७–१९२१) यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या अलेक्सेयेव्हस्काया पंपगृहात याविषयी प्रयोग केले. दाबाची लाट वाहिनीतून सेकंदाला सु. एक किमी. इतक्या वेगाने जाते व वाहिनीत कोठे छेद असल्यास तेथून तिचे अंशतः परावर्तन होते, असे त्यांना दिसून आले. परावर्तित लाट परतण्यास लागलेल्या वेळेवरून पंपगृहात बसूनच फुटलेली जागा सांगता येईल, हे त्यांनी दाखवून दिले. तथापि सेकंदाच्या लहान अंशात दाब टिपणारी व तो साठविणारी स्वस्त साधने उपलब्ध होईपर्यंत ही कल्पना प्रत्यक्ष शहरात मोठ्या प्रमाणावर वापरता आली नाही.

दूरमापन व संगणक : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जलाशय व टाक्या यांतील पातळीचे संकेत टेलिफोनच्या तारांवरून पंपगृहापर्यंत आणण्याची सोय होऊ लागली. त्यामुळे टाकी भरून वाहण्यापूर्वी पंप बंद करणे, तसेच दूरच्या टाकीवर केवळ पातळी पाहण्यासाठी नेमलेला माणूस कमी करणे शक्य झाले. १९६० नंतर वीजपुरवठा, तेलवाहिन्या व पाणीपुरवठा या क्षेत्रांत संगणकाधिष्ठित देखरेख, नियंत्रण व माहितीसंकलन यांच्या एकत्रित व्यवस्था उभारण्यात आल्या. त्या ‘स्काडा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जातात. १९७१ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आल्यावर दूरच्या ठिकाणी लहान संगणकीय एकक ठेवून तेथल्या तेथे निर्णय घेणे व केवळ परिणाम केंद्राकडे कळविणे साध्य झाले.

गळतीच्या शोधातही याच काळात महत्त्वाची प्रगती झाली. गळतीमुळे उत्पन्न होणारा ध्वनी वाहिनीतून दोन्ही बाजूंना पसरतो. वाहिनीवर दोन ठिकाणी ध्वनिसंवेदक ठेवले व त्यांच्याकडे तो ध्वनी पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोजला, तर ध्वनीचा वेग व दोन संवेदकांतील अंतर यांवरून गळतीची जागा काढता येते. या तत्त्वावरील ‘सहसंबंधक’ उपकरण १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील जल संशोधन केंद्रात विकसित झाले. लोखंडी वाहिनीत ते चांगले काम देते. प्लॅस्टिकच्या वाहिनीत ध्वनी लवकर विरत असल्याने संवेदक जवळजवळ ठेवावे लागतात.

मापन विभाग व पाण्याचा ताळेबंद : ब्रिटनमध्ये १९८० साली गळती नियंत्रणाविषयी प्रसिद्ध झालेल्या अधिकृत अहवालाने डीकन यांच्या कल्पनेला व्यवस्थित रूप दिले. त्यानुसार शहराचे जाळे साधारणतः ५०० ते ३,००० जोडण्यांच्या मापन विभागांत विभागले जाते. प्रत्येक विभागाच्या सीमेवरील झडपा बंद ठेवून पाणी एक किंवा दोन मापकांतूनच आत घेतले जाते. रात्रीचा किमान प्रवाह नेहमीपेक्षा वाढला की त्या विभागात नवी गळती झाली, असे समजते. गळती दाबाबरोबर वाढत असल्याने रात्री मागणी कमी असताना दाब उतरविणाऱ्या झडपा बसविल्यासही पाण्याची बचत होते व वाहिन्या फुटण्याचे प्रमाण घटते.

आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० मध्ये पाण्याच्या ताळेबंदाची प्रमाणित मांडणी प्रसृत केली. तीत महसूल न मिळणाऱ्या पाण्याचे भाग वेगवेगळे दाखविले जातात : गळती व टाक्या भरून वाहणे ही प्रत्यक्ष हानी; मापकांतील चुका, नोंदींतील चुका व चोरी ही दर्शनी हानी; आणि अग्निशमनासारख्या कामी दिलेले पण आकारणी न केलेले अधिकृत पाणी. या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. जे पाणी जमिनीत मुरते ते वाचविण्यास वाहिनी दुरुस्त करावी लागते. जे वापरले जाते पण नोंदले जात नाही त्यासाठी मापक, देयके व कारभार सुधारावा लागतो.

गुणवत्तेवरील देखरेख : प्रमाण व दाब यांच्या मानाने पाण्याच्या गुणवत्तेचे सतत मापन उशिरा सुरू झाले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पुरवठ्यात क्लोरिनाचा कायम स्वरूपात वापर सुरू झाला व पुढे तो जगभर रूढ झाला. पाणी ग्राहकापर्यंत पोहोचेतो त्यात थोडे क्लोरीन शिल्लक असणे, हे ते निर्जंतुक राहिल्याचे व्यावहारिक गमक मानतात. भारतीय मानकानुसार हे प्रमाण लिटरला किमान ०·२ मिग्रॅ. असावे लागते. रोगजंतूंची प्रत्यक्ष परीक्षा प्रयोगशाळेत करावी लागते व तिला एक किंवा अधिक दिवस लागतात. म्हणून शेष क्लोरीन, गढूळपणा, अम्लता व विद्युत् संवाहकता यांसारख्या तत्काळ मोजता येणाऱ्या राशींवर संवेदकांची भिस्त असते. शेष क्लोरीन एकाएकी उतरले किंवा गढूळपणा चढला, तर काय मिसळले हे कळत नाही. पण काहीतरी मिसळले, एवढे लगेच कळते.

१९९३ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवामुळे अतिसाराची साथ येऊन सु. चार लक्ष लोक आजारी पडले. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा त्या दिवसांत नेहमीपेक्षा वाढला होता. परंतु तो तत्कालीन नियमांच्या मर्यादेत बसत होता. हा आदिजीव क्लोरिनाला दाद देत नसल्याने गढूळपणातील वाढ हीच काय ती सूचना होती.

कॅनडातील आँटॅरिओ प्रांतातील वॉकर्टन या सु. ४,८०० वस्तीच्या गावातील घटना अधिक बोधप्रद आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने गुरांच्या शेणखतातील जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. तेथील क्लोरीन अपुरे पडले व सात माणसे मरण पावून २,३०० हून अधिक लोक आजारी झाले. चौकशी आयोगाच्या २००२ मधील अहवालानुसार कर्मचारी शेष क्लोरिनाचे दैनंदिन मापन न करताच नोंदवहीत आकडे भरीत असत. विहिरीवर शेष क्लोरीन व गढूळपणा यांचे सतत मापन करून धोक्याची सूचना देणारी व पंप आपोआप बंद करणारी साधने असती, तर ही साथ टळली असती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. याच प्रकरणाची दुसरी बाजू अशी की, पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निर्णय गावच्या पाणीपुरवठा व्यवस्थापकांकडे १७ मे रोजी पोहोचला होता. पण त्यांनी तो आरोग्य खात्याला कळविला नाही. पाणी उकळून पिण्याची सूचना आरोग्य खात्याने २१ मे रोजी स्वतःच्या अंदाजावरून दिली. आकडा न मिळणे व मिळालेला आकडा योग्य माणसापर्यंत न जाणे, हे दोन्ही दोष येथे एकत्र आले होते. त्यानंतर आँटॅरिओ प्रांताने पेयजलविषयक कायदे व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे नियम कडक केले.

जोडलेल्या संवेदकांचे जाळे : एकविसाव्या शतकाच्या आरंभी संवेदक स्वस्त झाले, विद्युत् घटावर दीर्घकाळ चालणारे रेडिओ प्रेषक उपलब्ध झाले आणि मोबाइल टेलिफोनचे जाळे सर्वत्र पसरले. त्यामुळे पूर्वी फक्त पंपगृह व टाक्या यांपुरते असलेले दूरमापन रस्त्याखालच्या वाहिन्यांपर्यंत नेता आले. बॉस्टन शहरात डिसेंबर २००४ पासून वाहिन्यांतील दाब व पाण्याची अम्लता मोजणाऱ्या बिनतारी संवेदकांचा प्रायोगिक वापर करण्यात आला. सिंगापूरमध्ये तेथील जलमंडळ व संशोधन संस्था यांनी २००८ नंतर उभारलेल्या जाळ्यात दाब, प्रवाह व ध्वनी यांचे एककालिक मापन होऊ लागले. झुकॉव्हस्की यांच्या कल्पनेप्रमाणे वाहिनी फुटताच निघणारी दाबलहर निरनिराळ्या संवेदकांपाशी केव्हा पोहोचली, हे ताडून फुटीची जागा ठरविता येते. त्यासाठी सर्व संवेदकांची घड्याळे अत्यंत काटेकोरपणे जुळलेली असावी लागतात. ही अट कृत्रिम उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेच्या संकेतांमुळे पुरी होते.

अशा जाळ्याचे दोषही आहेत. जमिनीखालील ओलसर कोठड्यांत विद्युत् घट व जोडण्या खराब होतात, लोखंडी झाकणामुळे रेडिओ संकेत अडतात व क्लोरीन संवेदकांच्या पृष्ठावर थर साचून मापन चुकत जाते. म्हणून ठराविक मुदतीने प्रमाण द्रावणाशी तुलना करून ते पुन्हा जुळवावे लागतात. याखेरीज खोट्या सूचनांचा प्रश्न असतो. वारंवार खोटी सूचना देणाऱ्या साधनाकडे कर्मचारी दुर्लक्ष करू लागतात व खऱ्या सूचनेच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही.

सुरक्षितता : दुरून झडप उघडता येणे ही सोय असली, तरी ती अनधिकृत माणसाच्या हाती पडू शकते. २००० साली ऑस्ट्रेलियातील मरूची परगण्यात पूर्वी त्या कामाशी संबंधित असलेल्या एका माणसाने रेडिओ संच व संगणक वापरून मैलापाण्याच्या पंपकेंद्रांना खोट्या आज्ञा दिल्या. तेथे अशी १४२ पंपकेंद्रे रेडिओद्वारे नियंत्रित होत असत. सु. आठ लक्ष लि. मैलापाणी नाले व उद्याने यांत सांडले. आरंभी यंत्रणेतच बिघाड असावा असे वाटल्याने कारण कळण्यास बराच वेळ लागला. तेव्हापासून नियंत्रणाचे संदेश सांकेतिक करणे, मापनाचे जाळे व नियंत्रणाचे जाळे वेगळे ठेवणे आणि हाताने काम चालविण्याची सोय कायम राखणे, या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

भारतातील स्थिती : मुंबईस विहार तलावातून १८६० मध्ये नळाने पाणी आले. त्यानंतर तुळशी (१८७९), तानसा (१८९२), वैतरणा, भातसा व मध्य वैतरणा (२०१४) अशी भर पडत जाऊन शहराचा दैनिक पुरवठा ३,८०० दशलक्ष लि. हून अधिक झाला आहे. हे पाणी निरनिराळ्या विभागांना ठराविक वेळी सोडण्यात येते. कोणती झडप किती फेरे उघडली असता चढावरील वस्तीला पाणी चढते, याचे ज्ञान दीर्घकाळ ‘चावीवाला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवातच साठलेले राहिले. भारतातील बहुतेक शहरांत हीच परिस्थिती आहे.

तासांचा पुरवठा हा संवेदकांच्या दृष्टीने अवघड प्रकार आहे. पाणी बंद असताना वाहिन्या रिकाम्या होतात व पुन्हा सोडल्यावर आतील हवा मापकांतून वेगाने बाहेर पडते; त्यामुळे मापक खोटे फिरतात व त्यांचे भाग झिजतात. रात्रीचा किमान प्रवाह ही कल्पनाच लागू पडत नाही, कारण लोक पाणी येईल तेव्हा भांडी व टाक्या भरून घेतात. शिवाय दाब नाहीसा झाला की बाहेरचे घाण पाणी सांध्यांतून आत शिरते. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे २००८ मध्ये काही विभागांत अखंड पुरवठा सुरू करण्यात आला. तेथील दोन्ही प्रकारच्या विभागांची तुलना करणाऱ्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासांच्या पुरवठ्याच्या पाण्यात विष्ठाजन्य जंतू अधिक वेळा आढळले.

महाराष्ट्रात कराडजवळील मलकापूर या लहान नगरात २००९ च्या सुमारास अखंड पुरवठ्याची योजना कार्यान्वित झाली. तेथे जोडण्यांवर दुरून वाचता येणारे मापक बसवून वापरानुसार चढत्या दराने आकारणी करण्यात आली. नागपूर येथे धरमपेठ विभागातील प्रयोगानंतर २०१२ पासून संपूर्ण शहरासाठी असा कार्यक्रम हाती घेण्यात आला. ओडिशातील पुरी शहरात नळाचे पाणी थेट पिण्याजोगे देणारा अखंड पुरवठा जुलै २०२१ मध्ये जाहीर झाला. ग्रामीण भागासाठी १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक घराला नळाने दरडोई दररोज ५५ लि. पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. नळजोडणी झाली म्हणजे पाणी येतेच असे नसल्याने, पुरवठ्याचे प्रमाण, नियमितपणा व गुणवत्ता मोजणारी स्वस्त देशी साधने तयार करण्यासाठी २०२० मध्ये केंद्र शासनाने एक स्पर्धा जाहीर केली. महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक गावांत संवेदकांचे प्रायोगिक संच बसविण्यात आले. याच मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना साध्या परीक्षण संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. संवेदकाला न ओळखता येणारे अनेक दोष या तपासणीत कळू शकतात.

मूल्यमापन : संवेदकांच्या जाळ्याने नवे पाणी निर्माण होत नाही. वाया जाणारे पाणी व येऊ घातलेला धोका वेळीच दाखविणे एवढेच त्याचे कार्य आहे. जेथे वाहिन्या दाबाखाली भरलेल्या आहेत, सीमा निश्चित आहेत, दुरुस्तीसाठी माणसे व सामान हाताशी आहे आणि मिळालेल्या माहितीची जबाबदारी एका ठराविक अधिकाऱ्यावर आहे, तेथे हे जाळे उपयुक्त ठरते. यांपैकी एखादे अंग लंगडे असल्यास आकडे साठत राहतात व गळतीही चालू राहते. मापकाचा दर मिनिटाचा आकडा ग्राहकाच्या घरातील हालचाली उघड करीत असल्याने त्याच्या वापरावर मर्यादा घालणेही आवश्यक ठरते. तसेच ही माहिती केवळ केंद्रातील पडद्यावर न राहता, आपल्या भागात किती पाणी आले व ते पिण्यास योग्य होते काय, हे नागरिकांसही कळण्याची सोय असेल, तर व्यवस्थेवर बाहेरून लक्ष राहते. फ्रॉन्टायनसने दप्तरातील बेरीज व प्रत्यक्ष पाणी यांची तुलना केली ती शहरातील वाटप सुधारण्यासाठी होती. साधने कितीही बदलली तरी दूरमापनाची उपयुक्तता अखेर याच कसोटीवर, म्हणजे नळाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्यावरून ठरते.